कोरडा पाचू

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा खड्यांना पैलू पाडणे (हात कापू लागल्यापासून बंद), माझ्यामागे कशाचे काय करावे ते स्वखुशीने आणि माझ्याच भाषेत सांगत आहे. लिहून घेणाऱ्या वकीलबाई आहेत, शब्द माझे आहेत. त्यांनी जिथे जिथे काट मारली तिथे मी ते पुन्हा घालायला लावले. डोके ठिकाणावर आहे का हे बघायला डॉक्टर सकाळी येऊन गेले. त्यांनी आजचा वार विचारला, मी सांगितला. त्यांच्या बोटातला पुष्कराज काचेचा आहे, हेही सांगितले. दाखला त्यांनी दिला, पण चहा न घेताच गेले.

कलम १. याआधी मी दोन मृत्युपत्रे केली होती. दोन्ही रद्द समजावीत. पहिले केले तेव्हा पत्नी हयात होती आणि सगळे तिला दिले होते. ते वाचून ती म्हणाली, "म्हणजे मागे मीच राहणार, हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत?" ती जाऊन नऊ वर्षे झाली. दुसऱ्या मृत्युपत्रात खालचे कलम सात नव्हते. म्हणून ते कायद्याने बरोबर असले तरी खरे नव्हते.

कलम २. राहते घर, खोल्या दोन, जिन्याखालच्या कोनाड्यासह, माझ्या एकुलत्या एक मुलीला. विकावे, ठेवावे, तिची मर्जी. राहिलीच तर उत्तरेच्या खिडकीला पडदा लावू नये एवढे सांगणे आहे. खड्याचा खरा रंग उत्तरेच्या उजेडात कळतो. सकाळी दहा ते बारा तो उजेड असा स्वच्छ असतो की मनुष्यालासुद्धा त्यात खोटे बसवत नाही. मी त्यात चाळीस वर्षे बसलो, ते कसे, ते पुढे येईल.

कलम ३. बँकेत जे शिल्लक असेल तेही मुलीला. मला निरोप देताना भाषणे नकोत. कविता म्हणायची असल्यास ज्याला पूर्ण पाठ असेल त्यानेच म्हणावी. मध्येच अडकून "पुढचं काय बरं?" करणारा माणूस मी होतो. तेवढा एक पुरे.

कलम ४. हत्यारे. पैलू पाडायचे चाक, लाखेच्या काड्या, हिऱ्याच्या पुडीची डबी, हे सर्व कारागिरांच्या संघाला. चिमटे समोरच्या घड्याळजीला. त्यातले तीन त्याने आधीच नेलेले आहेत आणि परत आणून देण्याचा त्याचा विचार दिसत नाही, तेव्हा त्याने उरलेले दोनही न्यावेत आणि मनाला लावून घेऊ नये. भिंग कोणालाही देऊ नये. त्याचे कलम सातमध्ये सांगितले आहे.

कलम ५. माझी शाळेची वाचनाची पुस्तके, पाचवी ते दहावी, नातीला. आठवीचे नाही, का ते पुढे. ती वाचणार नाही हे मला ठाऊक आहे. नुसती उघडून वास घेतला तरी चालेल. माझ्या काळी कविता छापल्या की त्यांना डिंकाचा आणि ओल्या पाटीचा वास यायचा. सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा आणि शेवटच्या बाकावरचा माझा धाकटा भाऊ, ज्याला गुरुजींनी त्याच्या वर्गातून माझ्या नजरेखाली आणून बसवले होते, तो नुसते ओठ हलवायचा. कविता त्याला कधीच आवडली नाही. हात मात्र तेव्हापासून कापसासारखा हलका. पेन्सिलीला टोक करून द्यायचा तर शिसे मोडायचे नाही.

कलम ६. मेहुण्याला काहीही नाही. पत्नी जाऊन आठवडा व्हायच्या आत त्याने माझ्या देखत कपाटाची मापे घेतली होती. मापाची टेप तो इथेच विसरून गेला, ती त्याला परत करावी.

कलम ७. माझा पाचू.

ही वस्तू लाकडी डबीत, कापसावर आहे. वाटाण्याएवढा, चौकोनी, कोपरे छाटलेला. बघणाऱ्याला वाटेल, हा कसला पाचू? रंग दुधाळलेला, आतून कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या रेघा. कोणी फुकट दिला तरी घेणार नाही. माझ्या हाताखालून हजारो खडे गेले, माणके गेली, नीलम गेले, पण आवडता खडा कोणता असे विचाराल तर हाच. आवडता हा शब्द वकीलबाईंना इथे पटत नाही. मला दुसरा सापडत नाही.

पाचूविषयी थोडे सांगावे लागेल, नाहीतर पुढचे कळणार नाही. हा खडा जन्मतःच आतून तडकलेला असतो. आमच्यात त्या बारीक तड्यांना बाग म्हणतात, कारण भिंगातून पाहिले की वेली पसरल्यासारखे दिसते. धंद्यात त्या तड्यांत तेल मुरवतात, मग ते दिसेनासे होतात आणि खडा भरून आल्यासारखा हिरवा होतो. म्हणून पाचू उकळत्या पाण्यात घालायचा नसतो. तेल निघून जाते आणि झाकलेले सगळे उघडे पडते. आमच्या कारखान्यात साफसफाईला आलेल्या अंगठ्यांना दोरे बांधायची पद्धत होती. लाल दोरा म्हणजे सोड्याच्या पाण्यात उकळा. हिरवा म्हणजे नुसत्या मऊ ब्रशने पुसा. दोरे बांधायचे काम माझे, उकळायचेही माझे.

एक्केचाळीस वर्षांपूर्वीची दुपार. मी अडतीस वर्षांचा, धाकटा बत्तीस. तो शेजारच्या मेजावर खडे जडवायचा. एका म्हाताऱ्या बाईंची अंगठी आली होती, पाचूची, खडा धरून ठेवणारी एक नखी सैल झालेली. धाकट्याने नखी दाबून घट्ट केली आणि अंगठी साफ करायला माझ्याकडे सरकवली. मी हिरवा दोरा बांधला. मग आठवीतली नावाड्याची कविता म्हणू लागलो. तीन कडवी झाली, चौथ्याचा पहिला शब्द काही केल्या आठवेना.

"दादा, तोंड चालतंय की हात?" धाकटा म्हणाला.

"थांब रे, जिभेवर आहे."

"जिभेवरचं राहू दे, भांडं उतू जातंय."

मी भांड्याकडे वळलो तेव्हा मेजावर दोरे बांधलेल्या अंगठ्यांचा एक जुडगा होता तो कुठेच नव्हता. कवितेच्या नादात सगळा मीच आत सोडला होता, लाल आणि हिरवा दोन्ही. अंगठी बाहेर काढली तेव्हा बाग पांढरी झाली होती.

मालकांना तेव्हा मोतीबिंदू होता. त्यांनी अंगठी उजेडात धरली आणि विचारले, "शेवटचा हात कुणाचा?"

मी म्हणालो, "धाकट्याचा."

"तू बघ. तुझी नजर माझ्याहून चांगली," म्हणून त्यांनी भिंग माझ्या हातात दिले. मी पाहिले. उकळलेला खडा आणि दाबून तडकलेला खडा यांतला फरक आमच्यातल्या कुणालाही कळतो. दाबलेल्याचा तडा नखीपासून सुरू होतो, उकळलेला सगळीकडून एकदम पांढरा पडतो. मी भिंग खाली ठेवले आणि म्हणालो, "नखीपाशी सुरुवात आहे."

माझी मुलगी सहा वर्षांची होती, पत्नी आजारी होती, ही कारणे आहेत. लिहून झाल्यावर ती लहान दिसतात.

धाकट्याने ते भिंग उचलले. बराच वेळ पाहिले. मग अंगातला एप्रन काढला, त्याची नीट घडी केली आणि म्हणाला, "दादा म्हणतो तर असेल."

संघाच्या वहीत त्याच्या नावापुढे शेरा पडला: हात जड. आमच्या धंद्यात हे दोन शब्द पडले की कोणी खडा हातात देत नाही. तो झुंबरांचे काचेचे लोलक घासणाऱ्या कारखान्यात लागला. सत्तावीस वर्षे. आज त्याच्या छातीत ती काच आहे आणि नाकात नळी.

मालकांनी बाईंना दुसरा खडा दिला आणि हा मला. म्हणाले, "भावाची आठवण म्हणून ठेव." तेव्हापासून घरात त्याला भाऊजींचा खडा म्हणतात. केवढे प्रेम, भावाने खडा फोडला तरी जपून ठेवलाय, असे येणारेजाणारे म्हणत. मी ऐकून घेत असे. एकदा मला राहवले नाही, मी त्यात पुन्हा तेल मुरवले. ताज्या पानासारखा झाला. पत्नी हरखून म्हणाली, "अहो, भाऊजींचा खडा बरा झाला की!" मला पंधरा दिवस गाढ झोप लागली. सोळाव्या दिवशी ती बाजारात गेली असताना मी त्याला स्वतःच्या हाताने सोड्यात उकळले. तिला सांगितले, तेल टिकले नाही. त्यानंतर रोज सकाळी उत्तरेच्या खिडकीत भिंगातून बघतो. जगात एवढी एकच वस्तू आहे जी मी काय केले ते जसेच्या तसे दाखवते. आवडता म्हणालो तो या अर्थाने.

तरी हा खडा आणि भिंग, माझ्या मृत्यूनंतर, माझ्या पुतणीला, म्हणजे धाकट्याच्या मुलीला द्यावे आणि वरील मजकूर संघाच्या बैठकीत वाचून शेरा खोडावा.

कलम ८. वरचे लिहून झाल्यावर वकीलबाईंनी पेन खाली ठेवले.

"आजोबा, एक विचारू? हे उघडणार तुमच्यानंतर. तुमचं ब्लडप्रेशर माझ्याहून चांगलं आहे. आणि काकांना डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत?"

मी म्हणालो, तुम्ही लिहायचं काम करा. त्या म्हणाल्या, "तेच करतेय. जो माणूस ऐकायला उरणार नाही त्याच्यासाठी लिहितेय." मी त्यांना त्या दिवशी घरी पाठवून दिले. हे सोमवारचे.

मंगळवारी मी धाकट्याकडे गेलो. पुतणी स्वयंपाकघरात होती. मी त्याला हळू आवाजात सगळे सांगितले. पाच मिनिटेही लागली नाहीत.

तो म्हणाला, "दादा, मला भिंगात दिसलं होतं की."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो." मध्ये त्याला श्वास घ्यावा लागत होता. "पहिला आठवडा थांबलो. मग तू दर रविवारी येऊन बसायला लागलास. दर रविवारी वाटायचं, आज बोलेल. तू हवापाण्याचं बोलायचास. कविता म्हणायचास. एवढ्या कविता ऐकल्या मी, दादा, मला एकही आवडत नव्हती."

मी म्हणालो, संघात जाऊन वाचतो, शेरा खोडायला लावतो. तो हसला, त्याला ढास लागली. "ज्यांनी जड म्हटलं ते सगळे गेले. आता काय खुर्च्यांना वाचून दाखवणार?"

"मग काय करू ते तू सांग."

त्याने स्वयंपाकघराकडे मान वळवली. "तिला सांग. माझ्या बायकोला सांगायचं राहिलं, ती तसंच समजून गेली. हिला सांग. मला ऐकू येतंय तोवर. पोरगी चार वर्षांची असल्यापासून ऐकत आलीय, बाबांच्या हातात काही देऊ नका, फोडतील. थट्टाच असते. मीही हसतो."

पुतणी तेव्हाच बाहेर आली. मला चिनीमातीच्या कपात चहा, त्याला स्टीलच्या पेल्यात. "काका, साखर कमी घातलीय हं," म्हणाली. त्याने माझ्याकडे पाहिले. मी चहा प्यायलो, साखर बरोबर आहे म्हणालो आणि उठून आलो.

कलम ९. म्हणून खालील बदल. पुतणीला खडा देणार होतो तो देत नाही. वकीलबाई सांगतात की जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. मला ती वारस नको, साक्षीदार हवी. साक्षीदाराने मजकूर ऐकलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. मी म्हणतो. या मृत्युपत्रावर माझ्या घरी सही होणार नाही. ते उद्या बुधवारी धाकट्याच्या खाटेपाशी नेले जाईल आणि कलम सात तिथे मोठ्याने वाचले जाईल. मी वाचेन. अडकलो, तर वकीलबाईंनी पुढे वाचावे, मला वेळ देऊ नये.

खडा आणि भिंग तिथेच, जिवंतपणी, धाकट्याच्या हातात देईन. तेल मुरवायचे की नाही हे तो ठरवेल.

हे सर्व मला मान्य आहे. दबाव कोणाचा नाही. असता तर एवढा उशीर झाला नसता.

स्थळ: धाकट्या भावाचे घर, बाहेरची खोली
दिनांक: अकरा, बुधवार, सकाळी साडेअकरा

लिहून देणार: (सही) थोरला भाऊ. सही वाकडी आहे, पण माझीच आहे.

साक्षीदार पहिले: (सही) डॉक्टर. लिहून देणारे शुद्धीत होते. कलम सात त्यांनी स्वतः वाचले, दोनदा थांबले, पण पूर्ण केले.

साक्षीदार दुसरी: (सही) पुतणी. कलम सात वाचले जात असताना बाबा जागे होते आणि त्यांनी शेवटपर्यंत ऐकले, याची मी साक्षीदार आहे. काकांबद्दल मला इथे काही लिहायचे नाही. त्यांनी आता घरी जावे.