अण्णांच्या नावानं आलेला मेल

आई,

अण्णा गेले त्याच्या आदल्या दिवशी ते ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. मोबाइल पुढे करून म्हणाले, "बघ गं, हा मेल खरा हाय का?" मी पुस्तकातून मान वर न काढता म्हणाले, "किती वेळा सांगू?" "बरं, मास्तरीणबाई," म्हणून हसले.

काल तुला त्यांच्या नावानं मेल आला: ‘प्रिय रेणुका, आपले जुने फोटो इथे आहेत, पासवर्ड टाक.’ तू म्हणालीस, "त्यांचाच हाय." आई, चाळीस वर्षांत त्यांनी तुला ‘अगं’शिवाय कधी हाक मारली का? हे दुसरंच कुणीतरी आहे, आणि त्याला आपल्या घरातली नावं ठाऊक आहेत. मला भीती वाटते. पासवर्ड टाकायला माझंही बोट पुढे गेलं होतं.

तुझा मोबाइल घेऊन मी जिंतूरला पोलीस ठाण्यात जाते. अण्णांच्या मोबाइलवर तसं काही आलं तर मी येईपर्यंत हात लावू नकोस.

हे लिहायला बसण्याआधी मी त्यांच्या फोटोपुढे उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "अण्णा, विचारा. कितीही वेळा विचारा."

राजेश्री