टाकीतल्या पाहुण्यांचा खुराक

अहमदपूर, २१ एप्रिल २०१६

नरसिंगराव जावईबापूंना ग्यानोबाचा सप्रेम जय भीम. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. पंचशीलाचा खोकला गेला का, ते कळवावं. फोन सोडून पत्र लिहायचं कारण असं की, फोनवर तुम्ही मधेच प्रश्न विचारता. पत्रात माणसाला शेवटपर्यंत बोलता येतं.

नांदेडला घर मिळेपर्यंत समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी तुम्ही आमच्या बैठकीत ठेवून गेलात, त्याला दीड महिना झाला. दोन नारंगी मासे आणि दगडावरचं पोवळं. पोवळं हे फूल न्हाई, जिवंत जनावर हाय, असं तुम्ही बजावलंत तेव्हाच मी निश्चिंत झालो. जनावर म्हटलं की आपला इलाका. देवणीच्या गुरांच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं काढलीत. खुराक मला कुणी शिकवायचा न्हाई.

तुमच्या कागदावर होतं की, कॅल्शियमचे पाच थेंब सकाळी, क्षाराच्या बाटलीतले पाच संध्याकाळी, दोन्ही एकदम घालू नयेत. वाचून हसू आलं. व्यालेल्या देवणी गाईला आपण थेंब मोजून कॅल्शियम देतो का? (बसलेली गाय ह्याच हातांनी बाटलीभर देऊन उठवलीय.) पोवळं जरा सुकल्यागत दिसलं, म्हणून दोन्ही बाटल्यांची दोन-दोन टोपणं एकदम ओतली. जावईबापू, घटकाभरात टाकीचं ताक झालं. मासे दिसेनात, मोटर घरघरून बंद पडली, तळाला चुना बसला. माझं प्रमाण बरोबरच होतं; जनावर लहान निघालं.

मोटर सिरक्यात बुडवून साफ केली. पण पाणी बदलायला वीस लिटर फिल्टरचं पाणी पायजे, आणि इथं टँकर नवव्या दिवशी. (चौकात मंडळी नवीन जिल्हा उदगीरला का अहमदपूरला, ह्यावर भांडून राहिलीत. होऊ द्या कुठंही. कलेक्टर आला तरी आंघोळीला पाणी मागणारच.) शेवटी प्यायचा जार तुम्ही दिलेलं समुद्राचं मीठ कालवून टाकीत घातला. तुमच्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, "माणसं तांब्यावर आली, आन् माशांना जार." बोलणं खरं होतं, म्हणून लागलं. दोन दिवस आम्ही मोजून पाणी प्यालो.

ताक गेलं. पण आठवड्यात पाणी पुन्हा गढूळ, काचेवर तपकिरी शेवाळ, पोवळं मिटलेलं. खाणं उरून सडलं की असं होतं, एवढं मला कळतं. म्हणून खुराकच तोडला. तुम्ही दिलेले गोठवलेले झिंगे आधी दिवसाआड, मग तीन दिवसांनी, तेही चिमूटभर. तरी पाणी खराबच, आणि मासे मात्र उपाशी राहून गुबगुबीत. बत्तीस वर्षांत असं जनावर पाहिलं न्हाई. बहुधा अहमदपूरची हवा मानवली.

तेव्हा काळजी नसावी. रविवारी टाकी न्यायला खुशाल या. सगळं माझ्या ताब्यात आहे.

आपला,
ग्यानोबा

ता. क. काळजी नसावी असं लिहिलं खरं, पण आणखी एकदा पाणी बदललं न्हाई तर पोवळं जाईल. तुम्ही ते पहिल्या पगारातून आणलंत, असं पंचशीलानं सांगितल्यापासून माझा जीव थाऱ्यावर न्हाई. जावयाच्या पायावर पाणी घालायची रीत. जावयाला पाणी आण म्हणायची न्हाई. तरी म्हणतो, येताना फिल्टरच्या पाण्याचे दोन जार आणावेत. पाय त्यातल्याच तांब्याभर पाण्यानं धुऊ.

आणखी ता. क. नरसिंगराव, हे मी नागुबाई लिहिते. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडं दिलंय. मी रोज दुपारी माशांना भाकरीचा चुरा घालत होते. काचेजवळ गेलं की दोघं तोंड उघडून पुढं येतात. दुष्काळात दारी आलेल्याला उपाशी कसं ठेवायचं? ह्यांना सांगू नका, बत्तीस वर्षं काढतील. आजपासून चुरा बंद, शप्पत घेतलीय. पण पंचशीला नांदायला गेल्यापासून मला बघून जेवायला येणारं घरात कुणी न्हाई हो. पाणी आणा, पोवळं वाचवा, आन् टाकी इथंच राहू द्या.