सतरा नंबरची शेपटी

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे खुर्चीत बसूनच घातला आहे, तसाच गोड मानून घ्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? धक्क्यावर तासन् तास गळ टाकून बसणं कमी करा, असं मामी म्हणते म्हणून मीही म्हणतो. माझी तब्येत ठीक आहे, नोकरीची मात्र नाही.

आमच्या प्रयोगशाळेत काय चालतं हे तुम्ही दर भेटीत विचारता आणि मी सांगायला लागलो की पेपर उघडता, म्हणून लिहूनच कळवतो. बोटींनी आणलेल्या माशांच्या शेपटीचा नखाएवढा तुकडा कापायचा, स्पिरिटच्या नळीत घालायचा, नळीवर नंबर टाकायचा. मग त्यातल्या आनुवंशिक खुणा वाचल्या की मासा कुठल्या समुद्रातल्या कुठल्या कुळातला ते कळतं. दिसायला सगळे सारखेच (आपल्या आत्यांसारखे), पण कूळ लपत नाही. एकाच कुळातले मासे फार पकडले गेले तर ते कूळच बुडतं, म्हणून हा सगळा खटाटोप. तर गेल्या महिन्यात सतरा नंबरची नळी माझ्या हातून निसटली आणि बेसिनच्या भोकातून थेट गेली. मूळ मासा तोवर कुणाच्या तरी कढईत पोचला होता. आमच्या प्रमुख मॅडमना सांगायचा धीर होईना. घरी फ्रीजमध्ये तुम्ही पकडून दिलेला मासा होता, त्याच जातीचा, आपल्याच धक्क्यावरचा. म्हटलं, काय फरक पडतो? त्याच्या शेपटीचा तुकडा कापला आणि नव्या नळीवर सतरा नंबर टाकला.

पडला की हो फरक! एकोणपन्नास मासे इथले आणि सतरा नंबर पार दूरच्या थंड समुद्रातला, जिथून पोहत यायचं तर त्याचं अर्धं आयुष्य प्रवासातच जायचं. मॅडम चौदा वर्षं याच माशामागे आहेत. आनंदाच्या भरात त्यांनी पहिल्यांदाच मला स्वतःच्या हातानं चहा करून दिला. थंड समुद्रातलं कूळ आपल्या किनाऱ्याला आलं, असं त्या बुधवारच्या बैठकीत जाहीर करणार होत्या, आणि त्यावरून बोटींचे नियम बदलणार होते. तो चहा मी गुपचूप त्याच बेसिनमध्ये ओतला. शेवटी काल सगळं कबूल केलं. त्या ओरडल्या नाहीत. खाली बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मासा आणला कुठून, ते शुक्रवारपर्यंत लेखी द्या. मग तुमचं काय करायचं ते बघू." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, इतकं वाईट वाटलं.

बाकी सर्व ठीक. गुडघ्याला जपा.

तुमचा भाचा

ता. क. : मामा, गेली अकरा वर्षं तुमच्या गळाला लागणारे मासे कुठल्या दुकानातले? नाव-पत्ता उलट टपाली कळवा. माझी नोकरी त्यावर आहे.

ता. क. २ : मॅडमना तुमचं नाव सांगितलेलं नाही. मासा मीच विकत आणला, असं लिहून देतोय. (पुन्हा खोटं, पण हे शेवटचं.)

ता. क. ३ : मामीला यातलं काही बोललो नाही. खवले काढलेला, पोट साफ केलेला मासा गळाला लागतो यावर तिनं अकरा वर्षं चकार शब्द काढला नाही, तेव्हा आपणही काढू नये. रविवारी जेवायला येतोय. मासा पकडून ठेवा. नेहमीसारखा साफ केलेलाच पकडा, तिचे हात हल्ली दुखतात.