आखाडा बाळापूरच्या विहिरीतला समुद्र

मी, सरोजिनी विश्वंभर पाठक, वय चौऱ्याहत्तर, भूशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार हिंगोली, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे आणि मला कोणीही भरीस घातलेले नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर पुतण्या योगेश यास. घराखेरीज माझ्यात त्याला कधी काही दिसले नाही, तेव्हा घरच घ्यावे. दगडांना त्याने हात लावू नये. ‘काकू, ही खडी कधी काढायची?’ असे त्याने तीनदा विचारले आहे.

२. कॉलेजला काहीही नाही. स्टाफरूममध्ये माझा फोटो लावू नये. लावलाच, तर डॉ. राधाकृष्ण यांच्या शेजारी नको.

३. सूक्ष्मदर्शक, वह्या आणि एकेचाळीस काचपट्ट्या माझी विद्यार्थिनी रेवती हिला. त्यामागची हकिकत अशी.

२००९ साली आखाडा बाळापूरला मनकर्णाबाईंची विहीर खोदताना काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये फिकट थर लागला. बाईंनी मला बोलावून घेतले. “हा दगड येगळाच हाय, बाई. जिभंला चिकटून राहिला.”

“चाटला काहून?”

“मंग कळावं कसं?”

आमच्या विभागात आठ पीएच.डी. होते. एकानेही कधी दगड चाटला नव्हता.

तो दगड मी स्वयंपाकघरात महिनाभर भिजवला, चाळला. सूक्ष्मदर्शकाखाली चार-चार फुगीर कप्प्यांची कवचे दिसली. समुद्रात तरंगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. मी खुर्चीत बसून रडले.

विभागप्रमुख राधाकृष्ण सगळ्यांदेखत हसले. “हिंगोलीत समुद्र? बाई, डोळे तपासून घ्या.” कवचांचे फोटो आणि नमुन्यांची एक पेटी मात्र ठेवून घेतली. मी निवृत्त होताच त्यांच्या एकट्याच्या नावाने निबंध छापून आला. त्यात ठिकाण होते हट्टा गाव, कारण त्या पेटीवर तिथल्या आधीच्या दगडांची जुनी चिठ्ठी तशीच राहिली होती. विहिरीत उतरलेला माणूस अशी चूक करत नाही.

बाहेरगावचे तज्ज्ञ आले, त्यांनी हट्ट्याला तीन दिवस खणले, काही मिळाले नाही. शोध बनावट ठरला. राधाकृष्ण माझ्या दारात आले. “बाई, खरी जागा सांगा.”

“डोळे तपासून घ्या,” म्हणून मी दार लावले. तेरा वर्षे त्या दाराची चव मी चघळली. त्यांच्याबरोबर खरा समुद्रही खोटा ठरला, याकडे मी काणाडोळा केला. माझी लायकी त्यांच्याहून फार वरची नाही, हेही इथे नोंदवते.

मागच्या महिन्यात मनकर्णाबाईंना सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले.

“म्हंजी समुद्र व्हता का न्हाई?”

“होता.”

“मंग लिहा की. तुमचं भांडण त्याला कशाला?”

४. म्हणून लिहिले. जागा: मनकर्णाबाईंची विहीर, पूर्वेची भिंत, चाळीस फूट खाली. बाईंच्या मुलाने तेवढी भिंत न बांधता उघडी ठेवली आहे. रेवतीने पुन्हा नमुने घ्यावेत आणि निबंधात पहिले नाव मनकर्णाबाईंचे घालावे. कोणी त्यांचे शिक्षण विचारले, तर त्याला आधी विहिरीत उतरवावे.

वाचून, समजून सही केली.
सरोजिनी विश्वंभर पाठक

आमच्यासमक्ष सही झाली:
१. फुलसिंग राठोड, शेजारी
२. मिराबाई कुलकर्णी, निवृत्त ग्रंथपाल

हिंगोली, १२ नोव्हेंबर २०२५