डाव्या खांद्याची रायफल

पालम,
ता. १९ नोव्हेंबर १९८७

चि. सटवाजीस तुझ्या बापाचे, म्हणजे येडबा मास्तराचे, अनेक आशीर्वाद. भिलाईच्या भट्टीपाशी तब्येत सांभाळून असशील. तुझ्या मायचे गुडघे थंडीत कुरकुरतात, माझा खोकला दरसालप्रमाणे मुक्कामाला आला आहे, बाकी क्षेम. तुझं शेवटचं पत्र दोन वर्षांपूर्वी पोळ्याला आलं. त्याचं उत्तर मी त्याच आठवड्यात टाकलं होतं (ते पोचलं नसेल, असं मी धरून चालतो).

पत्रास कारण तुझी लेक. सून गेल्यापासून बानू आमच्याकडे वाढली, हे तुला सांगायला नको. पण ती वाढून परभणीच्या कॉलेजात एनसीसीत गेली आणि तिथल्या हवालदारानं हातात पॉइंट टू-टूची रायफल दिली, तर पोरीनं ती डाव्या खांद्याला लावून दहापैकी नऊ गोळ्या निशाणाच्या काळ्या गोलात घातल्या, हे सांगायला हवं. हवालदार म्हणाला, हिला स्वतःची रायफल घ्या, पुढच्या साली औरंगाबादच्या स्पर्धेला नेतो. परवाना माझ्या नावानं निघाला. (अर्जात कारणाच्या रकान्यात मी 'नात' एवढंच लिहिलं, तेव्हा कारकुनानं माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.) आता डावऱ्या पोरीला पहिली रायफल कोणती घ्यावी, हा प्रश्न. पस्तीस वर्षं पोरांना हाताची घडी घालायला लावणाऱ्या माणसाला यातलं काय कळणार?

हवालदारानं एक युक्ती सांगितली होती. "मास्तर, हात नंतर, आधी डोळा बघा." दोन्ही डोळे उघडे ठेवून बांगडीतून लांबची वस्तू पाहायची, मग एकेक डोळा झाकायचा. ज्या डोळ्याला ती वस्तू बांगडीतच दिसते, तो डोळा मालक, आणि रायफल त्याच बाजूच्या खांद्याला. मी खंडोबाच्या देवळाच्या झेंड्यावर बांगडी रोखून सगळ्या घराची परीक्षा घेतली. बानूचा डावा डोळा मालक निघाला. तुझी माय म्हणाली, "मला दोन्ही डोळ्यांनी तुमीच दिसायलाव, आता काय करू?" तिचा निकाल राखून ठेवला आहे.

पुढची अडचण बोल्टची. काडतूस आत ढकलायचा तो लोखंडी दांडा रायफलीच्या उजव्या अंगाला असतो, म्हणजे डावऱ्यानं दर गोळीला चापावरचा हात काढून पलीकडे न्यायचा. यावर मी डोकं चालवलं. दुकानदाराला नीट समजावं म्हणून सिताराम सुताराकडून बानूच्या मापाची, डाव्या अंगाला बोल्ट असलेली लाकडी रायफल करून घेतली. सितारामचा जन्म तिफणी करण्यात गेलेला. त्यानं बाभळीच्या लाकडाची अशी केली की ओढायला बैल लागावेत. ती घेऊन आम्ही आजा-नात नांदेडच्या एसटीत चढलो. सध्याचे दिवस तू जाणतोस, पोलीस झडतीला गाडी कधी कुठं अडवतील नेम नाही. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, हे झाकून ठिवा." मी घोंगडीत गुंडाळून ठेवली, आणि झाकल्यावर ती खरोखरच बंदूक वाटायला लागली. आजूबाजूची बाकडी भराभर रिकामी झाली. लोह्यापर्यंत आम्ही ऐसपैस बसून गेलो.

दुकानदार म्हातारा, भला माणूस. आमची बाभूळ त्यानं उलटीसुलटी करून पाहिली. "हुजूर, ऐसी बंदूक अपने मुलुख में बनतीच नै." मग त्यानं पाच रायफली मांडल्या. चारींच्या दस्त्याला, म्हणजे खांद्याला लावायच्या लाकडाला, गाल टेकायचा उंचवटा, तोही उजव्या खांद्याच्या हिशेबानं. पाचवी हलकी, आखूड, दस्ता दोन्ही अंगांनी सरळ. ती वाळूच्या पिशवीवर टेकवली की बोल्ट उजव्या हातानं ओढायचा आणि डावा हात चापापाशीच ठेवायचा. बानूनं ओढून पाहिला आणि हसली. मी घोंगडी आवरायला घेतली, तेवढ्यात दुकानदार सहज बोलून गेला, "मास्टरसाब, बच्ची है, सीधे हाथ की आदत डाल देव."

मी भडकलो. काउंटरवर मूठ आपटली. "तिचा हात कुणी बदलायचा न्हाई!"

बानूनं रायफल खाली ठेवली आणि विचारलं, "मंग आबा, माझ्या बाबाचा कामून बदलला?"

तिला तुझ्या मायनं कधीतरी सांगितलं असावं. मी नुसती घोंगडी गुंडाळली. तू सहा वर्षांचा होतास. जागरणात तू डाव्या हातानं भंडारा उधळलास आणि भावकीत कुजबूज झाली, की मास्तराचंच पोरगं डावरं. दुसऱ्या दिवसापासून वर्षभर मी तुझा डावा हात पाठीशी बांधत होतो. सुतळी काचते म्हणून लोकरीचा दोरा घ्यायचो आणि स्वतःला मायाळू समजायचो. तुझं अक्षर मोत्यासारखं झालं. त्याच वर्षी तुझी जीभ अडखळायला लागली. शाळा तपासायला साहेब आले तेव्हा मी त्यांना तुझी पाटी दाखवली, तुला बोलू दिलं नाही.

सटवाजी, माझं चुकलं. हे मला नांदेडच्या दुकानात कळलं असं नाही. फार वर्षांपासून ठाऊक आहे. तू सुट्टीला येतोस आणि ओट्यावर गप्प बसून परत जातोस, तेव्हा दर वेळी ते ओठापर्यंत येतं. बानू परतीच्या गाडीत बोलली नाही, आज चौथा दिवस आहे, अजून बोलत नाही. ताट मात्र माझ्यासमोर आपटत नाही, नीट ठेवते. त्याचं जास्त वाईट वाटतं.

प्रकृतीस जप. गूळ-शेंगा पाठवल्या आहेत.

तुझा बाप,
येडबा

ता. क. — कोणती रायफल घ्यावी हा प्रश्न वर उगाच विचारला, ती तर ठरलीच आहे. दुकानदारानं महिनाभर राखून ठेवली आहे. पण बानू आजीपाशी म्हणाली, "बाबा यील, हातात धरून बघल, मंगच घ्यायची. घरात दुसरं डावरं कोण हाय?" तर रजा काढून ये.

आणखी — रजा मिळत नसेल, किंवा मिळूनही यावंसं वाटत नसेल, तर तिला चार ओळी लिही. माझ्याबद्दल काय लिहायचं ते तू ठरव. फक्त डाव्या हातानं लिही. वेडंवाकडं आलं तरी चालेल, रे. तुझं ते अक्षर मी कधी पाहिलंच नाही.