चहानंतरचा हात

उमरगा, मंगळवार

आदरणीय दाजी,

मच्छिंद्रचा सविनय जयभीम. अक्कालाही सांगा आणि गुडघ्याला तेल लावायला सांगा (ती लावणार नाही, पण तुम्ही सांगितलंत एवढं तरी होईल). आमचं इथं बरं चाललंय. मथुराबाईचा दमा शांत आहे, मी शांत आहे, आणि वरच्या दोन खोल्या तर चार महिने इतक्या शांत आहेत की पालीसुद्धा कंटाळून गेल्या. माझ्या मागच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही, त्याचा दोष मी पोस्टावर टाकून मोकळा झालो होतो. फोन का केला नाही म्हणाल, तर तुमचा फोन स्पीकरवर असतो आणि अक्का त्याच्याजवळ असते. हे प्रकरण जरा दबक्या आवाजाचं आहे.

तुमच्या शब्दावर वरच्या खोल्यांत भाड्यानं ठेवलेला विरेश, तुमच्या गल्लीतला, लॅबमध्ये रक्त तपासणारा, तो बिडी ओढतो म्हणून आम्ही त्याला काढला, हे त्या पत्रात होतंच. गच्चीच्या पन्हाळीत मथुराबाईला थोटकं सापडली होती. तिनं सुनावलं तेव्हा विरेशनं एकदा माझ्याकडं पाहिलं, ‘चुकलं मावशी’ म्हणाला आणि आठ दिवसांत सामान उचललं. आता बिचारा जळकोटहून रोज एसटीनं ये-जा करतो, हे तुम्ही बघताच.

पुढचा भाडेकरू पारखून घ्यायचा असं मग ठरलं. मी फाटकावर पाटी लावली: ‘खोल्या भाड्याने देणे आहे. बिडी-सिगारेटवाल्यांनी जिना चढू नये.’ जिना कुणी चढला नाही. पण हायवेवरचे ट्रकवाले पाटीच्या सावलीत उभे राहून निवांत ओढू लागले. वर त्यातला एक मलाच काडी मागायला आला (आणि माझ्याकडं निघाली, हे इथंच सोडून देऊ). मथुराबाईनं पाटी काढून चुलीपुढं टाकली आणि स्वतःची परीक्षा काढली. येणाऱ्याला कपभर चहा द्यायचा आणि चहा संपल्यावर त्याचा हात कुठं जातो ते बघायचं. ओढणाऱ्याचा हात खिशाकडं जाणारच. तोंडानं माणूस हजार शपथा घेईल, पण हाताला तेवढी अक्कल नसते, असं तिचं म्हणणं. हे शास्त्र ती स्वतःच्या नवऱ्यावरच, म्हणजे माझ्यावरच शिकली. मी नऊ वर्षांपूर्वी तिच्या दम्यापायी बिडी सोडली, हे तुम्ही जाणताच. तेव्हापासून चहा झाला की माझे दोन्ही हात मांडीवर असतात. नंतर मी टाकी भरली का ते बघायला गच्चीवर जातो. पाण्याची मला पहिल्यापासून फार काळजी.

या परीक्षेला पहिला बसला शौनक म्हणून एक बँकेतला कारकून. गुणी माणूस, पण चहा संपताच हात खिशात. निघाली बडीशेप. मथुराबाईनं आत जाऊन निकाल दिला, बडीशेप बाळगणाऱ्याला कसला तरी वास लपवायचा असतो. दुसरा विम्याचा एजंट. त्याचे हात देवळातल्यासारखे जोडलेले, पण जाताना त्यानं गच्ची आहे का म्हणून विचारलं. भला माणूस गच्ची कशाला विचारील, म्हणून तोही गेला. (हे वाक्य मला तेव्हाही जरा टोचलं होतं.)

तिसऱ्या आल्या नीरजा मॅडम, शाळेतल्या. चहा झाला, हात पर्समध्ये गेला, मथुराबाईच्या भुवया वर गेल्या, आणि बाहेर आला दम्याचा पंप! अगदी मथुराबाईच्या पंपासारखाच. दोघी पाच मिनिटांत सख्ख्या बहिणी झाल्या. भाडं ठरलं, कुलूप काढलं, मॅडम सगळं बघत गच्चीपर्यंत गेल्या आणि दोनदा खोकून खाली आल्या. म्हणाल्या, ‘मावशी, तुमचा भाडेकरू चार महिन्यांमागं गेला म्हणता, पण टाकीपाशी वास तर आजचा आहे.’

दाजी, मी मांडीवरच्या हातांकडं बघत बसलो. मथुराबाई वर गेली. टाकीखालची वीट उचलली, बंडल घेऊन आली आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, ‘म्या नऊ वर्सं हातच बघत बसले. पाय जिन्याकडं जातोय, हे मला कधी दिसलंच न्हाय.’ मग जरा वेळानं, ‘आन् त्या विरेशला म्या काय काय बोलले.’ मॅडमनी खोल्या घेतल्या नाहीत. अशा घरात त्यांनी का राहावं?

मला लाज वाटली, खरीखुरी. पोरगं मला रोज टाकीपाशी बघत होतं आणि माझा संसार राहावा म्हणून त्यानं स्वतःचं बिऱ्हाड मोडलं. मी मात्र तुम्हाला पत्र लिहून तुमचा शब्द खाली पाडला. तरी एक सांगतो, त्या दिवसापासून मन हलकं आहे. बिडी बंद आहे. मथुराबाई बोलते, हसतेही. टाकीकडं कुणी बघत नाही, त्यामुळं ती रोज भरून वाहते आणि गल्ली शिव्या देते.

तुमचा,
मच्छिंद्र

ता. क. बंद म्हणजे आज नववा दिवस. (परवाची अर्धी धरायची नाही असं मी ठरवलंय.)

ता. क. २. खरं काम असं. रविवारी आम्ही दोघं जळकोटला येतोय. खोल्यांची किल्ली विरेशच्या हातात द्यायची आहे, आणि माफी मागायची आहे, ती आधी तुमची. मला एकट्याला त्याच्या दारात उभं राहवणार नाही. तुम्ही संगं चला.

ता. क. ३. तो चहा दिल्याशिवाय सोडणार नाही, त्याचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मथुराबाई समोरच बसलेली असेल. चहा संपत आला की दाजी, तुम्ही माझा हात धरून ठेवा.