चादरीतल्या पोरीची दृष्ट

अल्फारेटा (अमेरिका), ४ नोव्हेंबर २००५

ती. पद्मिनीताईस,

शोभनाचा वाकून नमस्कार (वाकता येतंय अजून). तुझा गुडघा काय म्हणतो? तेल लावतेस, की नुसता शेजारणींना दाखवतेस? इकडे सगळे खुशाल. केदार एका ऑफिसात, सूनबाई हिमानी दुसऱ्या ऑफिसात आणि मी घरात, अशी आमची एकत्र कुटुंबपद्धती आहे. मला मेलं इथे अजिबात करमत नाही. रस्त्यावर माणूस दिसत नाही, कोथिंबिरीला वास नाही. ह्यांना फोनवर सांगते तेच तुला सांगते, महिनाअखेरच्या परतीच्या तिकिटाकडे डोळे लावून बसले आहे.

करमणूक म्हणशील तर सोमवारची एक मालिका (हसू नकोस). तिच्यातल्या लायब्ररीवाल्या बाईला गावातली मेलेली माणसं दिसतात, ती पुस्तकं परत करायला येतात. हिमानी शेजारी बसून मला सगळं मराठीत सांगते. खरं सांगू, एरवी आमचं बोलणं म्हणजे मी डबा घेतलास का विचारायचं आणि तिने 'हो आई' म्हणायचं. पोर वाईट नाही गं, पण दोघींना विषयच सापडत नव्हता. भूत आलं की मात्र ती माझा हात घट्ट धरते, आणि मालिका संपली की चहा करून कोण कसं मेलं यावर आम्ही मनसोक्त बोलतो. त्या सोमवारची मी आठवडाभर वाट बघते.

परवाच्या सोमवारी त्यांचा हॅलोविन होता. पोरं भुतांची सोंगं घेऊन दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागतात. मालिकेतही तेच. लायब्ररीत सोंगं घेतलेली पोरं येतात, त्यांतलं एक खरंच मेलेलं, पण कुठलं ते शेवटी कळणार. केदारने विचारलं, रेकॉर्ड करून ठेवू का? मीच नको म्हटलं, भूत ताजंच बघावं.

आता आपली दिवाळी त्याला लागूनच आलेली. मी दारात कंदील लावला, पणत्या मांडल्या. दारात दिवा म्हणजे पोरांना आमंत्रण, हे मला कोण सांगणार? सगळी कॉलनी आमच्याकडे लोटली. चॉकलेटं संपली तशा मी चकल्या वाटल्या. मालिकेतल्या शेवटच्या जाहिरातीला पुन्हा बेल. दार उघडलं तर एकटंच पोर, डोक्यापासून पांढरी चादर. बाकीची ओरडून मागतात, हे गप्प. नाव विचारलं तरी गप्प. खाली बघते तर पावलं उलटी! ताई, मी रामनाम सुरू केलं. पण लहान लेकरू ते, सणाच्या दिवशी दारातून कसं घालवायचं? (तूही नसतं घालवलंस.) आत घेतलं, पाटावर बसवलं, आणि बाहेरचं काही लागलं असेल तर सुटावं म्हणून मीठ-मोहऱ्या-मिरच्या उतरवून तव्यावर टाकल्या.

त्या मिरच्या इथल्या छताला सोसत नाहीत. धुराचा भोंगा असा बोंबलला की खोकत खोकत आम्ही सगळे हिरवळीवर, आणि पाठोपाठ आगीचा बंब. चादर काढली तर समोरच्या सरलाबाईंची नात! चिकट टॉफीने तोंड बंद झालेलं, आणि बूट डाव्याचा उजव्यात. बंबवाल्यांनी घरभर फिरून तवा जप्त केल्यासारखा बाहेर आणून ठेवला (एकाने चकली मागून घेतली, तो सज्जन). आत आलो तेव्हा टीव्हीवर बातम्या चालू होत्या. मेलेलं पोर कुठलं, ते राहिलंच. हिमानीने टीव्ही बंद केला, मीच ओशाळले. असो, असल्या देशात माझं काय काम? निघतेच आता.

तुझी,
शोभना

ता. क. : तो भाग जानेवारीत परत दाखवणार आहेत म्हणे. तर ह्यांना फोन करून सांग, तिकीट पुढे ढकलायला हरकत नाही. तुझं ते ऐकतात. सुनेला माझी गरज आहे, इथली हवा मला मानवते, सुचेल ते सांग, फक्त मालिकेचं नाव काढू नकोस. करमत नाही वगैरे वर लिहिलंय ते ह्यांना वाचून दाखवण्यापुरतं.

आणखी ता. क. : काल भांडी पुसता पुसता हिमानी माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आई, तुम्ही गेलात की मी कुणाबरोबर घाबरू?" पत्र मिळताच ह्यांना फोन कर.